हाताला सुटेल असा प्रश्न

पहिली-दुसरीच्या मुलांना विज्ञान शिकवताना ‘का?’ हा प्रश्न मी सुरुवातीला विचारत नाही. विज्ञान म्हणजे ‘का’ विचारणं, असं आपण सगळेच म्हणत आलो आहोत आणि मोठ्यांच्या विज्ञानाबद्दल ते खरंही आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे बाईंनी ‘पाऊस का पडतो?’ असा प्रश्न टाकला की सगळ्या नजरा बाईंच्या चेहऱ्याकडे वळतात. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तिकडे कुणी बघत नाही. एक जण म्हणतो, ‘शेताला पाणी पाहिजे म्हणून.’ दुसरी म्हणते, ‘देव पाडतो.’ ज्याच्या दादाचं पुस्तक घरात असतं, तो ‘बाष्पीभवन’ म्हणून मोकळा होतो. बाईंचा चेहरा ज्या उत्तराला खुलतो ते बरोबर, हे मुलांना लगेच कळतं. मग सगळा वर्ग ‘बाष्पीभवन, बाष्पीभवन’ म्हणू लागतो. या सगळ्यात पावसाशी कुणाचाच संबंध आलेला नसतो.

या वयाची मुलं ‘का’चा अर्थ ‘कशासाठी’ असा घेतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मुलांची अशी पुष्कळ उत्तरं नोंदवून ठेवली आहेत. सूर्य, ढग, नद्या हे सगळं माणसांनी केलेलं किंवा माणसांसाठी असलेलं, असं लहान मुलांना वाटतं. बारामतीच्या बाजूच्या आमच्या बागायती पट्ट्यातल्या मुलांना पाऊस शेतासाठीच पडतो असं वाटलं तर नवल नाही. त्यांच्या अनुभवाच्या आधारावर ते उत्तर योग्यच आहे. ते खोडायला माझ्याकडे फक्त शब्द असतात, आणि शब्दांनी खोडलेली समजूत तशीच आत राहते.

म्हणून या वर्गात मला वेगळ्या जातीचे प्रश्न लागतात. ‘मुंग्या रांगेत का चालतात?’ याचं उत्तर मुलांना देता येत नाही. ‘रांग जिथून जाते तिथे ओल्या बोटाने आडवी रेघ ओढली तर मुंग्या काय करतील?’ याचं उत्तर मात्र प्रत्येकाला शोधता येतं. आधी अंदाज सांगायचा, मग व्हरांड्यातल्या काळ्या मुंग्यांच्या रांगेशी उकिडवं बसून बघायचं. मुंग्या रेघेशी थबकतात, मिशा हलवतात, काही मागे फिरतात, काही बाजूने चाचपडत जातात आणि थोड्या वेळाने रांग पुन्हा जुळते. मुंग्या चालताना जमिनीवर वासाची खूण सोडतात हे मला ठाऊक असतं. ते मी त्या दिवशी सांगत नाही. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे मुंग्यांवर असतात, माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघत नसतं आणि तासाचं काम तेवढ्यात झालेलं असतं.

हा फरक माझ्या मनात स्वच्छ झाला तो योस एल्स्टखेस्ट या डच शिक्षणतज्ज्ञाच्या एका लेखामुळे. विन हार्लेन यांनी संपादित केलेल्या प्राथमिक विज्ञानावरच्या पुस्तकात तो १९८५ साली आला. मुलाला वस्तूकडे नेतो तो फलदायी प्रश्न, हे त्याचं सूत्र. ‘काय दिसतं?’, ‘किती?’, ‘कोणतं लांब?’, ‘असं केलं तर काय होईल?’, ‘असं करून दाखवता येईल का?’ या क्रमाने मूल पुढे सरकतं. कारण विचारणारा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही ‘तुला काय वाटतं?’ असं म्हणून विचारायचा, म्हणजे परीक्षा न होता मुलाचं मत विचारल्यासारखं होतं.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ साली सरकारने बंद करेपर्यंत तो तीस वर्षं चालला. तिथे प्रयोग मुलं करत आणि निष्कर्षही मुलंच काढत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांसाठी जी पुस्तकमालिका केली, ती मराठीत ‘हलकं-फुलकं विज्ञान’ म्हणून आली. त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते ती ही, की पहिली-दुसरीसाठी त्यांनी पुस्तक लिहिलं ते शिक्षकांसाठी. मुलांच्या हाती पुस्तक नाही, त्यांच्या हाती बिया, पानं, किडे, पाणी. आमच्याकडेही परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीत हाती येतं. पहिल्या दोन वर्षांत विज्ञान भाषेत आणि गणितात मिसळलेलं असतं. ही दोन वर्षं म्हणजे शिक्षकाला मिळालेली मोकळीक आहे, असं मी मानते.

या मोकळिकीचा उपयोग कसा होतो ते मटकीच्या उदाहरणाने सांगते. मटकी शाळेतच असते, पोषण आहाराच्या डब्यात. स्वयंपाकीण ताईंकडून मूठभर मागून आणायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची. घरोघरी मोड येतात, तरी मोड बीच्या कोणत्या बाजूने फुटतो हे मुलांनी पाहिलेलं नसतं. चित्र काढा म्हटलं की पहिल्या दिवशी मुलं बीवर दोन हिरवी पानं आणि एक फूल काढतात. मी त्यावर बोलत नाही. चौघांत मिळून एक वाटी देते आणि सांगते, ‘तुमच्या वाटीत जे आहे तेवढंच काढा.’ दोन-तीन दिवसांत चित्रातून फूल जातं, पानं जातात, उरतो एक वाकडा पांढरा मोड. तो मूळ आहे हे नंतर कळतं, त्यावर बारीक केस दिसू लागतात तेव्हा.

मापन पट्टीने करायला पहिलीच्या मुलांना जमत नाही. म्हणून रोज मोडाएवढी कागदाची पट्टी कापायची आणि तारीख घालून भिंतीवरच्या तक्त्यावर शेजारी शेजारी चिकटवायची. आठवड्यात तक्त्यावर पायऱ्या उभ्या राहतात. स्तंभालेख हा शब्द न उच्चारता मुलं तो वाचू लागतात, आणि ‘रविवारी शाळा नव्हती म्हणून इथे पायरी मोठी झाली’ असं वाचन एखादी मुलगी करते तेव्हा ती आकड्यामागची गोष्ट वाचत असते.

मग खरा कसाचा प्रयोग. दोन करवंट्यांत माती घालून मोड आलेली मटकी लावायची. एक करवंटी खिडकीत, दुसरी कपाटात, अंधारात. कपाटातली उगवणारच नाही, असं मुलं छातीठोकपणे सांगतात, कारण झाडाला ऊन लागतं हे त्यांनी ऐकलेलं असतं. आठवड्याने कपाट उघडलं की आतली रोपं खिडकीतल्यापेक्षा कितीतरी उंच झालेली असतात. पिवळट, बारीक, पण उंच. वर्ग निकाल देतो, ‘झाड अंधारात जास्त वाढतं.’

शिक्षकाची कसोटी इथे असते. हा निकाल पुस्तकाशी जुळत नाही, आणि ‘नाही रे, झाडाला सूर्यप्रकाश हवा’ असं सांगून मोकळं होणं अगदी सोपं असतं. पण ते सांगितलं तर मूल एक गोष्ट कायमची शिकतं, की डोळ्यांना दिसलं ते खोटं आणि बाई म्हणतात ते खरं. म्हणून मी मुलांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते आणि खाली एवढंच विचारते, ‘अजून तसंच ठेवलं तर?’ करवंट्या परत जागेवर जातात. पुढच्या दिवसांत अंधारातली रोपं लोळायला लागतात, बीची दोन दलं सुरकुततात. बीने बरोबर आणलेली शिदोरी संपलेली असते आणि उजेड नसल्यामुळे नवं अन्न बनत नसतं. उजेड शोधत रोप नुसतं लांबत गेलेलं असतं. फळ्यावरच्या वाक्यात मुलं स्वतःच भर घालतात, ‘आधी उंच होतं, मग पडतं.’ कुणीतरी म्हणतं, ‘आता उन्हात ठेवून बघू.’ अजून तग धरून असलेली रोपं एक-दोन दिवसांत हिरवी व्हायला लागतात. पुस्तकातलं वाक्य पुढे तिसरीत भेटेल तेव्हा या मुलांना ते ओळखीचं वाटेल, आणि त्यात काय राहून गेलंय हेही ती सांगू शकतील.

असा तास आपोआप घडत नाही. त्यामागे तयारीचं बारीकसारीक काम असतं. प्रत्येक प्रयोग मी आधी घरी करून बघते, त्याच पाण्यात, त्याच मातीत. चौघांपेक्षा मोठा गट केला तर एकच धीट मूल सगळं हाताळतं आणि बाकीची प्रेक्षक होतात. सूचना सगळ्या आधी द्यायच्या, साहित्य नंतर. वस्तू हातात पडली की कान बंद होतात, आणि ते योग्यच आहे. वस्तूंची निवडही विचारपूर्वक करावी लागते. तरंगणं-बुडणं शिकवताना घमेल्यात नुसता दगड आणि पान टाकलं तर ‘जड बुडतं, हलकं तरंगतं’ ही समजूत आणखी पक्की होते. मी कलिंगड आणि चिंचोका आणते. कलिंगड तरंगतं, चिंचोका तळाशी जातो आणि वर्गात एकदम शांतता पसरते, कारण आता नवीन विचार करणं भाग असतं.

सावलीचा तास दुसरीला आवडतो. मैदानात काठी रोवायची आणि सावलीच्या टोकाशी खडे ठेवत जायचं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम मी कडक ठेवते. सावली सगळ्यांत आखूड कधी होते? मोठी माणसं ‘बारा वाजता’ म्हणतात. खडे वेगळं सांगतात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे आमच्याकडे सूर्य माथ्याशी यायला साधारण साडेबारा होतात. नोव्हेंबरात सव्वाबारा, फेब्रुवारीत पाऊण. मुलांना घड्याळ नीट येत नाही, त्यांची नोंद असते ‘खिचडीच्या वेळी’. एवढी नोंद मला पुरते. आमच्या भागात वर्षातून दोनदा भरदुपारी काठीची सावली नाहीशी होते, मेच्या मध्याच्या सुमाराला आणि जुलै संपताना. पहिल्या खेपेला शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या खेपेला ढग असतात. मेमधली सावली बघायचं काम मी सुट्टीआधी घरी नेमून देते. जूनमध्ये ज्यांनी ती बघितलेली असते, ती मुलं पुढाकार घेऊन इतरांना सांगतात.

हे सगळं करण्यामागचं सगळ्यांत मोठं कारण मला ऊसतोडीच्या मुलांनी दाखवलं. दिवाळीनंतर कारखाने पेटले की मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि काही मुलं अर्ध्या वर्षात आमच्या वर्गात बसू लागतात. वाचन मागे पडलेलं, गाव नवं, उत्तर विचारलं की मान खाली. ‘का’ विचारणाऱ्या तासाला ही मुलं गप्पच राहतात, कारण तिथे शब्द लागतात आणि बाईंची मर्जी ओळखावी लागते. एका वर्षी आमचा वर्ग ‘झाड बीपासून येतं’ इथवर पोहोचला होता. तशा एका मुलाने हात वर केला आणि सांगितलं, ‘उसाला बी नसतं, टिपरी लावतात. डोळ्यातून फुटतं.’

दुसऱ्या दिवशी तो दोन डोळ्यांची टिपरी घेऊन आला. डोळा कुठे असतो, जमिनीत टिपरी कशी आडवी ठेवायची, डोळे वर-खाली न येता बाजूला कसे ठेवायचे, हे त्याने वर्गाला करून दाखवलं. तेवढ्यात पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, ‘डोळा नसलेला तुकडा लावला तर?’ मी विचारायचा प्रश्न तिने विचारला. मग दोन डबे झाले, एकात डोळ्याचा तुकडा, दुसऱ्यात दोन पेरांमधला बिनडोळ्याचा. थंडीत फुटवा यायला वेळ लागतो. मुलं रोज ओलावा बघत राहिली. पहिल्या डब्यात कोंब आला. दुसऱ्यातला तुकडा आंबून काळा पडला. ‘झाड बीपासून येतं’ हे वाक्य बदलावं लागलं आणि नवं वाक्य काय असावं यावर वर्गात बराच वेळ वाद झाला. त्या वादात तो मुलगा मान वर करून बोलत होता.

डब्यातल्या मातीपुढे कुणाचं घर शिकलेलं आणि कुणाचं पालावरचं, याने काही फरक पडत नाही. कोंब येतो किंवा येत नाही, आणि तो सगळ्यांना सारखाच दिसतो. लहान वयातल्या विज्ञानाचं मोल मला यात दिसतं. खरं काय हे ठरवायला मोठ्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, वस्तूकडे बघितलं तरी चालतं, ही गोष्ट सहाव्या वर्षी कळलेलं मूल पुढे अफवेला आणि धाकदपटशाला सहजी बळी पडणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

‘का’ येतोच. चौथीपर्यंत मुलं तो स्वतः घेऊन येतात, ‘बाई, अंधारात आधी उंच का झालं?’ असा, बघितलेल्या गोष्टीला चिकटलेला. तेव्हा मी कारण सांगते, पुस्तक उघडते, सांगण्यासारखं सगळं सांगते, कारण आता त्या उत्तराला टेकायला जागा असते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना म्हणूनच मी एवढंच सुचवते, की उद्याच्या टाचणात आधी उद्दिष्टं लिहू नका. मुलं ज्याचं उत्तर हाताने शोधू शकतील असा एक प्रश्न लिहा, तो आज घरी स्वतः करून बघा, आणि मग वर्गात जा.