मोंतोनेच्या टेकडीवरील सावली

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणारे आपल्याकडचे प्रवासी वाटेत आसिसी पाहतात, फार तर पेरुजियाला मुक्काम करतात आणि पुढे निघतात. पेरुजियाच्या उत्तरेस, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीच्या माथ्यावर मोंतोने नावाचे चिमुकले गाव आहे. तिकडे सहसा कोणी वळत नाही. आम्ही वळलो ते एका मराठी नावासाठी.

जुलैचे ऊन दगडी भिंतींवर तापले होते. अरुंद, चढउताराच्या गल्ल्या, खाली ऑलिव्हचे मळे आणि सूर्यफुलांची पिवळी शेते. इतक्या शांत खोऱ्यात एके काळी हातघाईची लढाई झाली असेल, हे मनाला पटेना.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली आणि कालचा मित्र जर्मनी एका दिवसात शत्रू झाला. मध्य व उत्तर इटली जर्मन सैन्याने व्यापली. ती मुक्त करण्यास दोस्तराष्ट्रांना २ मे १९४५ पर्यंत झुंजावे लागले. नकाशा पाहिला म्हणजे या विलंबाचे कारण उमगते. देशाच्या मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा आहे आणि त्यातून उतरणाऱ्या नद्या सैन्याच्या वाटेत आडव्या येतात. एक नदी ओलांडावी, तर पुढच्या डोंगररांगेवर शत्रूची नवी फळी सज्ज. ४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झाले. पण दोनच दिवसांनी नॉर्मंडीत सैन्य उतरले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. इटलीतील लढाई मात्र चालूच राहिली.

या मोहिमेत भारताच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या डिव्हिजन होत्या. सुमारे ५० हजार भारतीय सैनिक. त्यांतच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. वय २२.

१० जुलै १९४४ रोजी याच परिसरात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सारे पडले, एकटे घाडगे उभे राहिले. ते तसेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकास गोळी घातली; नवी काडतुसे भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते तेथेच कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खरे सांगायचे तर हे वर्णन वाचताना अभिमानाआधी अंगावर काटा आला. समोरचेही कोणाचे तरी मुलगेच होते.

आणखी एक विचार पाठ सोडीना. त्याच जुलै महिन्यात पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि सरदार पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. आणि त्याच नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हे पहिल्या बटालियनचे शिपाई पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून वाहून आणणार होते आणि जिवंतपणी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणार होते. ज्यांचा स्वतःचा देश परतंत्र, ते परक्या देशाच्या मुक्तीसाठी लढत होते. घाडग्यांना हे कधी जाणवले असेल का? की भाताच्या एका पिकावर न भागणाऱ्या कोकणी घराला पगाराचा आधार, एवढेच पुरेसे कारण होते? विचारायचे कोणाला?

घाडग्यांना थडगेही नाही. दक्षिणेस कासिनोच्या युद्धस्मारकात, कबर अज्ञात असलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. मोंतोनेकरांनी मात्र २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

पत्नीने सोबत आणलेली मूठभर फुले तेथे ठेवली. मी मनातल्या मनात रेखांशांचा हिशेब करीत होतो. मोंतोनेत सावली मध्यान्ह दाखवते, तेव्हा माणगावात सूर्य कलून चार तास झालेले असतात.