काळानिळा डोळा, पांढरा डोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. ही गोटमार होते मध्य प्रदेशात, पण गाव आपल्या वरुडला लागून आणि बोलीही आपलीच. कपाळं फुटतात, नाकं मोडतात, डोळ्याभोवतीची हाडंही. तरी माझ्यासारख्या चेहऱ्याच्या हाडांच्या सर्जनला काम पुरवायला गोटमारच हवी असं नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनेस बुकात नोंद झाली. आता त्या गुळगुळीत रस्त्यावरून पोरं हेल्मेट कोपराला अडकवून सुसाट जातात. बाकी बैलाचं शिंग, कबड्डीतलं कोपर आणि टेनिस बॉल आहेतच.

डोळ्याची खोबण सात हाडांची असते. बाहेरची कड दणकट. आतली भिंत आणि तळ मात्र इतके पातळ, की धरलं तर पलीकडचा उजेड दिसावा. १९५७ मध्ये स्मिथ आणि रेगन या दोन डॉक्टरांनी मृतदेहाच्या मिटलेल्या डोळ्यावर हर्लिंग या खेळातला चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला. कड शाबूत राहिली आणि तळ फुटला. डोळ्यावरचा दाब असा खाली निघून जातो, म्हणून पुष्कळदा डोळा वाचतो. मला तर ही निसर्गाची हुशारीच वाटते. पण फुटलेल्या तळातून डोळ्याभोवतीची चरबी, कधी स्नायूही, खालच्या सायनसमध्ये उतरतो. मग एकाची दोन माणसं दिसतात आणि गाल, वरचा ओठ, वरचे दात बधिर होतात.

सुजून बंद झालेला काळानिळा डोळा पाहून नातेवाईक हादरतात. पण दृष्टी शाबूत असेल, तर अशा मोठ्या माणसाला मी बहुतेक वेळा थांबवतो. सूज उतरू देतो, दुहेरी दिसणं कमी होतं का, डोळा आत ओढला जातो का, ते पाहतो. ऑपरेशन लागलंच, तर साधारण दोन आठवड्यांच्या आत टायटॅनियमची जाळी बसवून तळ उभा करता येतो.

मला धास्ती वाटते ती पांढऱ्या डोळ्याची. लहान मुलाचं हाड लवचिक असतं. मार लागला की ते उंदराच्या सापळ्याच्या झाकणासारखं उघडतं, स्नायूला आत घेतं आणि पुन्हा मिटतं. बाहेर ना सूज, ना लाली. पोरगं उलट्या करतं, नाडी मंद होते, ते मलूल पडतं. अडकलेला स्नायू ताणला गेला की हा परिणाम हृदयापर्यंत पोचतो. १९०८ पासून वैद्यकाला ही गोष्ट माहीत आहे. तरी असं पोरगं ‘डोक्याला मार’ म्हणून भरती होतं. मेंदूचा सीटी चांगला येतो, सलाईन चढतं, सुट्टी होते. अशा एका पोराच्या आजीने मला निदान जवळजवळ सांगूनच टाकलं होतं: “डॉक्टरसाहेब, पोट्टं वर पाह्यतच नाही. पाह्यलं का ओकते.” माझी तपासणी तिथेच निम्मी झाली. अशा मुलाचा स्नायू एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो. उशीर झाला तर तो रक्ताविना आक्रसतो, आणि मग ऑपरेशन उत्तम होऊनही डोळा वर जात नाही. साध्या एक्स-रेत हे सहज निसटतं. खोबणीचा, पातळ कापांचा सीटी मागावा लागतो. मेंदूसाठी काढलेला पुरत नाही.

याहूनही घाईची एकच गोष्ट आहे. डोळ्यामागे रक्त साठून डोळा पुढे येतो, दगडासारखा टणक होतो आणि नजर भराभर मंदावते. इथे घड्याळ तासा-दीड तासाचं. पापणीचा बाहेरचा कोपरा जागेवर भूल देऊन कापायचा, दाब मोकळा करायचा. सीटीची वाट पाहायची नाही. धारणीसारख्या ठिकाणाहून घाट उतरून अमरावतीला येईपर्यंत हा वेळ संपलेला असतो. म्हणून हे कसब आमच्या थिएटरपेक्षा तालुक्याच्या दवाखान्यात जास्त कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

घरच्यांनी करायचं ते थोडं. एकेक डोळा झाकून दुसऱ्याने बोटं मोजता येतात का पाहा. डोकं स्थिर ठेवून वर-खाली बघायला सांगा. पापणी सुजली असेल तर जबरदस्तीने उघडू नका. डोळा फुटल्याची शंका असेल, म्हणजे बाहुली लांबुळकी दिसते, पाणी झिरपतं, तर थेंब, हळद, दूध, दाबून बांधलेली पट्टी यांतलं काहीही नको. कागदी कपाचा तळ खोबणीच्या कडेवर टेकवून वरून चिकटवला, तरी डोळ्यावर दाब येत नाही. नाक शिंकरू नका; सायनसमधली हवा खोबणीत शिरून डोळा फुग्यासारखा होतो.

आपल्याकडची म्हणून एक जखम वेगळी सांगतो. कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाटी उभी असते, आणि वाकताना तिचं टोक पापणीतून आत जातं. बाहेर जखम ज्वारीच्या दाण्याएवढी. वाळलेलं लाकूड सीटीत हवेसारखं काळं दिसतं, त्यामुळे रेडिऑलॉजिस्टला नेमकं काय शोधायचं ते आधी कळलेलं बरं. काडी मोडली असेल, तर ओढून काढायचा उद्योग करू नका. हातात राहिलेला तुकडा खिशात टाकून तेवढा सोबत आणा. मी तो जुळवून पाहतो.