रांगेतली माणसं आणि खोटं घड्याळ

कादंबरीत 'तीन वर्षं गेली' असं वाक्य येतं आणि आपण मुकाट्याने पुढे वाचतो. लेखक स्वतः तीन वर्षं थांबला होता काय, असं कोणी विचारत नाही. वर्गात आम्ही याला कथाकाळ आणि कथनकाळ अशी नावं देतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मला ही गोष्ट नीट कळली ती मावसभावाच्या लॅपटॉपवर, पायथनचा एक प्रोग्राम का रखडतोय ते शोधताना. (संगणकाचं नाव काढलं की आपल्या साहित्य मंडळातले निम्मे जण पान उलटतात. जरा थांबा, यात जेवणाची रांगपण आहे.)

प्रश्न आमच्या पॅरिशच्या फीस्टचा. मिस्सानंतर साधारण ६०० माणसं जेवायला येतात, वाढायला चार काउंटर. चार वेगळ्या रांगा लावायच्या की एकच रांग करून जो काउंटर मोकळा होईल तिकडे माणूस पाठवायचा, यावर कमिटीत दरवर्षी वाद. गेल्या वर्षी माझी आजी न जेवताच घरी आली. "पाय भरून आले गं," एवढंच म्हणाली. त्यामुळे दादा "सिम्युलेशन करून बघूया की" म्हणाला तेव्हा मी लगेच बसले. ओपन इलेक्टिव्हला पायथन घेतलं होतं, म्हणजे कोड वाचता येतो.

दादाने आधीच एक प्रोग्राम लिहिला होता, पायथनच्या असिंकआयओमध्ये. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक कोरूटीन: असं फंक्शन, जे मध्येच थांबतं आणि नंतर थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. ही कल्पना मला फार आवडली, कारण कादंबरीतली पात्रंसुद्धा अशीच असतात. एक प्रकरण एकाचं, दुसरं दुसऱ्याचं, आणि पहिला परत येतो तेव्हा जिन्याच्या त्याच पायरीवर उभा. नॉर्वेत ओस्लोच्या कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली, ती याच कामासाठी, खोट्या जगातल्या रांगा चालवायला. आज सगळे ज्याला 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' म्हणतात ते तिथून आलं.

दादाच्या प्रोग्रामात फीस्टचा एक सेकंद म्हणजे खरा एक मिलीसेकंद होता. रांगेतला प्रत्येक माणूस दर सेकंदाला जागा होऊन विचारायचा, "काउंटर मोकळा झाला काय?" नाही म्हटलं की परत झोपायचा. आम्ही कागदावर हिशेब मांडला. २५ मिनिटांत सगळे येतात, एकाला वाढायला ३० सेकंद, म्हणजे चार काउंटरना मिळून ७५ मिनिटं लागतात. सर्वांत जास्त गर्दी ४०० माणसांची, सरासरी २०० जण रांगेत. ४,५०० सेकंद गुणिले २०० म्हणजे एका फेरीत ९ लाख वेळा जाग. आणि खऱ्या घटना किती? माणूस आला, त्याला वाढायला सुरुवात झाली, वाढून संपलं: ६०० गुणिले ३, म्हणजे १,८००. पाचशेपट जागरण फुकट!

मला त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. प्रोग्राम खऱ्या घड्याळावर चालत होता, आणि एका मिलीसेकंदात २०० जणांना उठवायचं म्हणजे लॅपटॉपला धाप लागायची. तो मागे पडला की रांगेतली माणसंही उशिरा जेवायची. म्हणजे उत्तर फीस्टचं नव्हतं, लॅपटॉपचं होतं. दादा म्हणाला, "वेग कमी आहे, बाकी बरोबर आहे." मी म्हटलं, "दादा, ह्यावर आजीला उभी करणार काय तू?" तो गप्प बसला, मग हसला.

मग खरं घड्याळ काढून टाकलं. त्याच्या जागी एक आकडा, 'आत्ताची वेळ', आणि पुढे काय घडायचंय त्याची यादी. यादीतली सर्वांत लवकरची घटना काढायची, आकडा थेट तिच्या वेळेवर न्यायचा, ते कोरूटीन पुढे चालवायचं. मधला काळ नाहीच. 'तीन वर्षं गेली.' यादी दरवेळी सॉर्ट करायची गरज नाही. पायथनमधला हीपक्यू सर्वांत लहान वेळ वर ठेवतो, बाकीचं अर्धवट रचलेलं चालतं. दोन घटना एकाच वेळी आल्या तर मात्र तो दोन कोरूटीनांची तुलना करायला जातो आणि एरर देतो, म्हणून वेळेच्या मागे एक अनुक्रमांक लावायचा. आधी आला तो आधी.

दुसरा बदल 'विचारत राहणं' बंद करण्याचा. काउंटर मोकळा झाला की त्यानेच हाक मारायची. पण हाक सगळ्यांना मारली तर सरासरी २०० उठतात, एकाला ताट मिळतं, बाकीचे परत झोपतात. ६०० वेळा असं झालं तर १ लाख २० हजार जागा. फक्त पहिल्याला उठवलं की झालं. हे सगळं प्रोफाइलर लावून मोजत केलं, नाहीतर आम्ही दोघं रँडम आकड्यांच्या ओळीवरच संशय घेऊन बसलो होतो, आणि तिचा काही दोष नव्हता.

आम्हाला १,००० फेऱ्या हव्या होत्या. त्या गॅदरने एकदम सोडल्या तर भागेल असं दादाला वाटलं, पण इथे कोणी कशाची वाट बघतच नाही, नुसती आकडेमोड आहे, आणि एका इव्हेंट लूपमध्ये एका वेळी एकच काम चालतं. फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे त्या वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटल्या. प्रत्येक फेरीला वेगळा सीड, पण दोन्ही रांगपद्धतींना तोच सीड, म्हणजे तीच गर्दी दोन्हीकडे. ९० कोटी जागरणांच्या जागी आता १८ लाख घटना. आधी रात्रभर चालू ठेवावं लागायचं. आता मी चहा गाळून आणेपर्यंत उत्तर तयार.

उत्तर असं: सरासरी वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखी, कारण काउंटर चारच आणि गर्दी तीच. फरक होता तो ज्यांना सर्वांत जास्त थांबावं लागलं त्यांच्यात. चार रांगांत एखादी रांग अडकते आणि तिच्यातली माणसं अडकतात. एका रांगेत ती अडचण सगळ्यांत थोडी थोडी वाटली जाते. कमिटीतले एक अंकल म्हणाले, "एकच रांग गेटच्या बाहेर जाईल, लोक बघूनच परत जातील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या प्रोग्रामातली माणसं रांग बघून घाबरत नव्हती.

मग दादाने कोडमधलीच गोष्ट पुढे ठेवली: ज्याला उठवायचं त्यालाच हाक मारा. सत्तरीच्या वरच्यांना टोकन, मंडपात खुर्ची, नंबर आला की माईकवरून पुकारा. हे ऐकून आजी म्हणाली, "नंबर मराठीत पुकारा बाई, मला इंग्लिशमधलं सिक्स्टीन-सिक्स्टी कळत नाही." टोकनं पुठ्ठ्याची करायची ठरलीत, दोन्ही भाषांत. अंकलनी माईकचं काम स्वतःकडे घेतलंय.