बॅलेची टाच, कुंगफूची बैठक

मलेशियातलं इपोह हे कथिलाच्या खाणींवर मोठं झालेलं शहर. भोवती चुनखडीचे डोंगर, आणि बारा महिने अंगाला चिकटणारी दमट हवा. अशा गावात एका चार वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलीला बॅलेच्या वर्गाला घातलं जातं, याचं आधी नवल वाटतं. पण हिशेब केला की उलगडा होतो. मुलगी 1962 सालची आणि इंग्रजांनी मलाया सोडला 1957 मध्ये. साहेब जातो, पण कॉन्व्हेंट, पियानो आणि बॅले मागे ठेवून जातो. आपल्याकडे नाही का क्रिकेट ठेवून गेला!

ही मुलगी म्हणजे मिशेल योह. वडील वकील, घरात इंग्रजी आणि मलय. पुढे आयुष्यभर चिनी चित्रपटांत गाजलेल्या या बाईला चिनी लिपी वाचता येत नव्हती. किशोरवयात ती इंग्लंडला गेली ती नृत्यच शिकायला. बॅलेच नाचायचा, जमलं तर शिकवायचा, एवढंच स्वप्न होतं. मग पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि रंगमंचावरचा बॅले संपला. तिनं नृत्यरचना आणि थोडं नाट्यशिक्षण घेऊन पदवी पुरी केली. 1983 मध्ये आईनं परस्पर अर्ज भरला म्हणून ती सौंदर्यस्पर्धेत उतरली आणि ‘मिस मलेशिया’ झाली. दुसऱ्या वर्षी घड्याळाच्या एका जाहिरातीसाठी हाँगकाँगला बोलावणं आलं. समोर जॅकी चॅन होता.

जाहिरातीपाठोपाठ चित्रपट आले, पण पहिल्या चित्रपटात तिच्या वाट्याला हाणामारी नव्हती. ती पुरुषांची मक्तेदारी. सेटवर ती नुसती बघत होती, आणि हे तर नृत्यासारखंच बसवलेलं असतं, आपल्यालाही येईल, असं तिच्या मनात आलं, हे तिनंच पुढे मुलाखतींतून सांगितलंय. तिनं हट्ट धरला आणि स्टंटवाल्या पोरांच्या व्यायामशाळेत जाऊन पडली.

बॅले येत होता म्हणून कुंगफू सोपं गेलं, असं तिच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. बॅलेनं तिला बरंच दिलं: एकदा दाखवलेला हालचालींचा क्रम लक्षात ठेवणं, तालावर नेमक्या ठोक्याला पोचणं, चूक निघाली की न कुरकुरता पहिल्यापासून करणं. पाय डोक्याच्या वर नेऊन तिथे थांबवणंही त्यातच आलं. पण एक गोष्ट बॅले देत नाही. ती म्हणजे वजन. बॅलेत सारी मेहनत वजन लपवण्यासाठी असते. डोकं छताकडे ओढलेलं, टाच उचललेली, खुब्यापासून पाय बाहेर वळवलेले, आणि उडी मारून खाली आलं तरी आवाज होता कामा नये. कुंगफूच्या वर्गात पहिला धडा नेमका उलटा. पाय खांद्यांहून रुंद, पावलं समोर, मांड्या जमिनीला समांतर, घोड्यावर मांड टाकावी तसं बसायचं. मांड्या थरथरायला लागल्या तरी उठायचं नाही. वर्षानुवर्षं वर जायला शिकवलेल्या देहाला आता खाली बसायला शिकायचं होतं. नर्तकीचा हात बोटांच्या टोकाशी हळुवार विरतो. मुठीला मात्र ठरलेल्या जागी खाडकन थांबावं लागतं, नाहीतर कॅमेऱ्याला तो ठोसा खोटा वाटतो.

तिचा ‘येस, मॅडम’ हा चित्रपट 1985 चा. जोडीला सिंथिया रॉथरॉक, जी खरोखरच अनेक मार्शल आर्टमध्ये ब्लॅक बेल्ट मिळवलेली. त्यातला एक क्षण अजून अंगावर येतो: मिशेल कठड्यावर बसलेली, पाय अडकवून ती मागे झोकून देते, डोकं काचेतून आरपार जातं आणि पलीकडच्या दोघांना धरून ती खाली फेकते. दिग्दर्शक कोरी युएन हा जॅकी चॅनबरोबरच पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढलेला. त्या शाळेत पोरांना कोलांट्या, भाला, गाणं, चेहऱ्यावरचे भाव असं सगळं एकत्रच शिकवत, छडीच्या धाकानं. नाच कुठे संपतो आणि लढाई कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नसे. नर्तकी चांगली लढेल हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नसावं.

चेंग पेई-पेई हे त्याचं आधीचं उदाहरण. शांघायमध्ये बॅले शिकलेली ही मुलगी हाँगकाँगला आली आणि दिग्दर्शक किंग हूनं तिला 1966 च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये तलवार दिली. नंतरच्या पिढीतली अभिनेत्री झँग झीयी अकराव्या वर्षी बीजिंगच्या नृत्यशाळेच्या वसतिगृहात राहायला गेलेली. आणि गंमत बघा, अँग लीच्या 2000 सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये या तिघी एकत्र येतात. ज्या चित्रपटानं अर्ध्या जगाला चिनी तलवारबाजीचं वेड लावलं, त्यातल्या तिन्ही लढवय्या बायका मुळात नर्तकी होत्या. चित्रीकरणात मिशेलच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली आणि ती परत येऊन लढली. 2023 चं ऑस्कर तिला वेगळ्याच चित्रपटासाठी मिळालं, पण माझं मत विचाराल तर तिचं खरं काम इथे आहे.

युएन वू-पिंगनं बसवलेला रात्रीचा पाठलाग त्यातला सर्वांत सरस प्रसंग. झँग झीयी तलवार चोरून भिंतींवरून उडत सुटते. मिशेल तिला पुनःपुन्हा खाली ओढते, तिच्या पावलावर पाय देऊन तिला जमिनीला खिळवते. कोवळी नर्तकी अजून वर जाऊ बघतेय, आणि मुरलेली नर्तकी वजन काय असतं ते जाणून आहे. हा प्रसंग पुन्हा बघाल तेव्हा संगीतकार तान दूनचे ढोल सुरू झाले की चेहरे सोडा, दोघींची पावलं बघा.