आदिम अणू आणि एक धर्मगुरू

फादर जॉर्ज लमेत्र यांचे नाव आपल्या घरांत क्वचितच ऐकू येते. बेल्जियममधील शार्लरुआ येथे १८९४ साली ते जन्मले. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात सेवा केली आणि १९२३ मध्ये गुरुदीक्षा घेतली. १९२७ साली गणिताच्या आधारे त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. आइन्स्टाइन यांनी त्यांचे गणित मान्य केले, निष्कर्ष मात्र नाकारला. १९३१ मध्ये लमेत्र आणखी पुढे गेले. साऱ्या विश्वाचा आरंभ एका 'आदिम अणू'पासून झाला असावा, असे त्यांनी सुचवले.

मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची पुढची भूमिका. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांना या विज्ञानात निर्मितीवरील श्रद्धेला दुजोरा दिसला. लमेत्र त्याने सुखावले नाहीत. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी त्यांची धारणा होती.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले विचारतात, "फादर, विज्ञानाने देव सिद्ध केला ना?" 'हो' म्हणण्याचा मोह मोठा असतो. परंतु उद्या सिद्धान्त बदलला, तर त्या कोवळ्या श्रद्धेचे काय व्हावे? म्हणून मी त्यांना लमेत्र यांची कथा सांगतो.

१९६६ साली, मृत्यूपूर्वी काही दिवस, विश्वाच्या आरंभकाळातील प्रारण सापडल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. त्यांच्या सिद्धान्ताला आधार मिळाला होता. त्यांच्या श्रद्धेला त्या आधाराची गरज कधीच भासली नव्हती.