परतीच्या पावसातला दुसरा बेत

प्रिय मुक्ता,

तुझा बेत वाचला. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड. वाट सुरेख निवडली आहेस. पण परतीच्या पावसाबद्दल त्यात एक अक्षर नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर ढग चढून विजा कडाडतात. रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत. आभाळ गडगडू लागलं की त्यांना हात लावायचा नाही, तेव्हा दुपारच्या आत गड उतरा. पुढे प्रश्न मुळा नदीचा. कुमशेतहून पाचनईकडे जाताना ती आडवी येते. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उभ्या माणसाला कळत नाही. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या की काठावरूनच मागे फिरा. हे डोंगरी प्रवाह चढतात तसे लवकर ओसरतातही, म्हणून एका जादा दिवसाचा शिधा सॅकमध्ये असू दे आणि कुमशेतमध्ये कुणाच्या तरी घरी मुक्कामाचं आधी बोलून ठेव. नाहीच ओसरलं तर तिथून गाडीरस्त्याने राजूर गाठता येतं.

माणसं पावसात पुढे का रेटतात? रजा काढलेली असते, पैसे भरलेले असतात, आणि फिरलो तर हाती काहीच लागणार नाही असं वाटतं. म्हणून दुसरा बेतही मनापासून हवाहवासा असला पाहिजे. मात्र तो दुसऱ्या शिखराचा नको. कळसूबाईलाही शिड्याच आहेत. सांदण दरी तर मुळीच नको. त्या घळीत पाणी आलं तर बाजूला सरायला जागा नाही. त्यापेक्षा रतनवाडीत राहा. अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीव काम बघायला अख्खी सकाळ पुरत नाही, आणि गडावर जाणारे ते घाईघाईत उरकतात याचं मला फार वाईट वाटतं. मग १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण बघा.

हे सगळं घरी, सगळ्यांना समोर बसवून ठरव. भिजलेल्या, दमलेल्या माणसांचं एकमत होत नाही. कुठून आणि किती वाजता फिरायचं ते कागदावर लिही. त्या खोऱ्यात फोन लागेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी एक प्रत मला नक्की पाठव.

तुझी,
मावशी