साधा वर्तमानकाळ

निवृत्तीनंतर नातवाची इंग्रजी व्याकरणाची वही तपासण्याचे काम आमच्याकडे आले आहे. मध्यंतरी त्याला साध्या वर्तमानकाळाची पाच वाक्ये लिहावयाची होती. पहिल्या वाक्याचा अर्थ, 'सूर्य पूर्वेस उगवतो' आणि पाचव्याचा, 'सुरती लोक आळशी असतात.' व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष! "हे तुला कोणी सांगितले?" असे विचारताच तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच तर म्हणता."

कतारगामात आमच्या आसपास भावनगर-अमरेलीकडून हिऱ्यांच्या कामासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांची मूळ सुरतींविषयी, सुरतींची त्यांच्याविषयी आणि उभयतांची आम्हा मराठी मंडळींविषयी काही ठरलेली वाक्ये आहेत. शाळेत सोबती आम्हांस 'लुटारू' म्हणून चिडवीत. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती १६६४ व १६७० साली. भूतकाळातली ती क्रिया तीनशे वर्षांनी वर्तमानकाळ होऊन आमच्या गळ्यात पडली होती.

वडिलांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आमच्याकडून इंग्रजीचे काळ घोटून घेतले. घडून गेलेल्या एका गोष्टीस भूतकाळ. नेहमीची सवय किंवा सृष्टीचा नियम सांगावयाचा तर साधा वर्तमानकाळ. आपली मराठी या बाबतीत अधिक सावध आहे. 'चहा गरम आहे' म्हणजे समोरच्या कपातला. 'चहा गरम असतो' म्हणजे एकूणएक. इंग्रजीत दोन्हीकडे क्रियापद एकच. माणसांविषयी बोलताना आपण 'आहे'वरून 'असतो'वर केव्हा घसरतो, ते मात्र आपल्यालाही कळत नाही.

हे आम्हांस कळावयास हवे होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली एक सुरती कारकून होते. दोन महिने ते रोज उशिरा आले. वर्षअखेरीस त्यांच्या गोपनीय अहवालात आम्ही इंग्रजीत शेरा लिहिला, 'ही कम्स लेट.' 'केम' लिहिले असते, तर ती त्या दोन महिन्यांची हकीकत झाली असती. 'कम्स' लिहिल्याने तो त्यांचा स्वभाव ठरला. सुरती माणूस लहरी असतो, हे वाक्य आमच्या मनात आधीच तयार होते. त्या वर्षी त्यांची बढती राहिली.

ज्या सुरतेत हे घडले, तिथेच मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक होते. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली. एक मराठी, एक गुजराती. दोघांनी मिळून जातिभेद व अंधश्रद्धा यांवर टीका केली. अमक्या जातीचा माणूस असाच असतो, या वाक्याशीच त्यांचे भांडण होते. दादोबांचे व्याकरण आम्हांस ठाऊक होते; त्यांची सभा आम्ही विसरलो.

वही बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. चहा झाला. त्या शेऱ्याविषयी आम्ही सांगितले, क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तेव्हा माझी बा अंथरुणाला खिळलेली होती. तिचे सगळे आटोपून मी निघत असे. तुम्ही एकदा विचारले असते, तर सांगितले असते."

इंग्रजीतला 'केम' आम्ही लिहिला नाही आणि गुजरातीतला 'केम' आम्ही विचारला नाही.

घरी येऊन नातवाला ते पाचवे वाक्य खोडावयास सांगितले. त्याच्या जागी काय लिहू, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "एकाच माणसाविषयी लिही. आणि आधी त्याला भेटून ये."